हा फोन किती वर्षं सांभाळणार? एका फोन कंपनीच्या संचालकांना खुले पत्र

मा. संचालक मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रात तुमच्या कंपनीचं नाव घालत नाही. तुम्हाला वाचताच कळेल. तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या आणखी एखाद्या कंपनीला हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटलं, तर त्यांनीही खुशाल आपलं समजून वाचावं.

मागच्या महिन्यात सोलापूरच्या एका हॉटेलात तुमच्या माणसांनी जिल्ह्यातल्या मोबाइल दुकानदारांचा मेळावा घेतला. जेवणात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती, म्हणजे तयारी करून आले होते. पडद्यावर आलेख दाखवत सांगितलं की कंपनी महाग फोनांच्या शर्यतीतून बाहेर पडतेय. आता आठ हजारांच्या आतले फोन, आणि त्यांत अँड्रॉइडऐवजी कंपनीची स्वतःची नवी ऑपरेटिंग सिस्टीम. ‘भारतात असा प्रयोग पहिल्यांदाच होतोय,’ असं व्यासपीठावरचे साहेब म्हणाले. शेवटी काही प्रश्न असतील तर विचारा म्हणाले, म्हणून मी उठलो. विचारलं, ‘ही सिस्टीम किती वर्षं चालू ठेवणार?’ साहेब हसले. ‘आधी विकायला तर लागा, शेठ!’ सगळा हॉल हसला, मीही हसलो. परतीच्या एसटीत वाटेतलं वैराग गाव मागे पडेपर्यंत माझं हसू गेलं होतं.

तिथे उत्तर मिळालं नाही, म्हणून आता चारचौघांत विचारतोय.

बार्शीत स्टँडजवळ आठ बाय दहाच्या गाळ्यात २००४ पासून माझं मोबाइलचं दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे फोन म्हणजे नोकिया आणि नोकिया म्हणजे ११००. २००३ साली आलेला तो सेट जगभरात पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला. का विकला गेला हे इथल्या शेतकऱ्याला विचारा. रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी द्यायला जाताना सेटच्या डोक्यावरची टॉर्च कामाला यायची, आणि बटणांवरच्या एकसलग रबरामुळे धूळ आत जात नसे. चार्जर मागायला आलेलं गिऱ्हाईक ‘बारीक पिनचा द्या’ नाहीतर ‘जाड पिनचा द्या’ एवढंच म्हणायचं. कंपनीचं नाव घ्यायची गरजच नव्हती.

माझं सगळं भांडवल काय, तेही सांगतो. चाळीस हजारांचा फोन घेणारा माणूस व्हिडिओ बघून, मॉडेल ठरवून येतो आणि फक्त भाव करतो. आठ हजारांचा घेणारा काउंटरला टेकतो आणि म्हणतो, ‘दादा, तुम्ही सांगाल तो.’ तुम्ही आता या माणसाकडे निघाला आहात. त्याला तुमचं नाव पटलेलं नसतं, माझं पटलेलं असतं. फोन फसला तर तो तुमच्या कार्यालयात येणार नाही. तो माझ्या दारात येणार, नाहीतर माझ्यासमोरून मान वळवून पलीकडच्या दुकानात जाणार. दुसरं जास्त लागतं.

आता तुमच्या साहेबांच्या ‘पहिल्यांदाच’बद्दल.

९ मे २०१३ रोजी नवी दिल्लीत नोकियाचे तेव्हाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी आशा ५०१ दाखवला. नाव आपल्याच ‘आशा’वरून घेतलेलं. स्वस्त फोन, नवी कोरी सिस्टीम; नोकियाने त्याआधी नॉर्वेतली स्मार्टरफोन नावाची छोटी कंपनी विकत घेतली होती, तिच्या कामावर उभी केलेली. कंपनी अडचणीत, मोठ्या फोनांत मार खाल्लेला, म्हणून खालच्या बाजारातून पुन्हा वर चढू असा हिशेब. ओळखीचं वाटतं का? फोन हातात घ्यायला सुरेख होता, हे मी आजही म्हणेन. बॅटरी दिवसेंदिवस टिकायची. पण थ्रीजी नव्हतं, आणि ज्याच्यासाठी लोक फोन घ्यायला लागले होते ते व्हॉट्सअॅप त्यावर यायला काही महिने गेले.

मग २४ फेब्रुवारी २०१४ला बार्सिलोनात नोकिया एक्स आला. आतून अँड्रॉइड, पण गुगलचं प्ले स्टोअर काढलेलं आणि वरून टाइल्सचा वेगळाच चेहरा चढवलेला. भारतात तो १० मार्चला ८,५९९ रुपयांना आला. जूनच्या २४ तारखेला त्याचा धाकटा भाऊ एक्स२ जाहीर झाला. आणि १७ जुलैला, म्हणजे एक्स२ जाहीर होऊन २३ दिवस आणि भारतात एक्स येऊन १२९ दिवस होत असताना, नवे मालक मायक्रोसॉफ्ट यांनी ही वाटच बंद करत असल्याचं सांगितलं. आशाचाही पुढचा विकास त्याच दिवसात थांबला. त्याच घोषणेत १८,००० नोकऱ्या कमी करण्याचं होतं, त्यांतल्या १२,५०० नोकियाकडून आलेल्या लोकांच्या. बारसं आणि तेराव्याचं जेवण यांत निदान एक दिवाळी तरी जायला हवी होती.

ल्युमियाची, म्हणजे नोकियाच्या विंडोज फोनांची, गोष्ट याहून लांब आहे, आणि तुम्ही ती नीट वाचावी असं मला वाटतं. ११ फेब्रुवारी २०११ला नोकियाने आपली जुनी सिस्टीम सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन धरला. इलॉप यांनी आपल्या माणसांना लिहिलेलं ‘पेटलेल्या फलाटा’चं पत्र (आपण समुद्रातल्या पेटलेल्या तेलविहिरीच्या फलाटावर उभे आहोत, उडी मारायलाच हवी, अशा आशयाचं) त्याच आठवड्यात जगभर फुटलं होतं. पेटलेल्या घरातून उडी मारावी हे खरं, पण घरातल्या म्हाताऱ्यांना तसंच सोडून? सिंबियनवाल्यांना नव्या सिस्टीमवर जायची सोयच नव्हती. बरं, ज्यांनी विश्वासाने नवीन फोन घेतले त्यांचं काय झालं? २० जून २०१२ला विंडोज फोन ८ जाहीर झाला आणि त्याच दिवशी कळलं की आधीचे विंडोज फोन त्यावर जाणार नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर झालेला स्वस्तातला ल्युमिया ६१० सुद्धा नाही. त्यांच्या पदरात ७.८ नावाची एक सांत्वनाची आवृत्ती पडली. पुढे ल्युमिया ५२० आला. ५१२ एमबी रॅमवर तो असा लोण्यासारखा चालायचा की त्या भावाचे अँड्रॉइड त्याच्यापुढे अडखळत. विंडोज फोनांत सगळ्यांत जास्त खपला तो हाच. २०१६ साली विंडोज १० मोबाइल कोणाकोणाला मिळणार याची यादी आली, तेव्हा ५२० त्यात नव्हता. डिसेंबर २०१९च्या अखेरीस विंडोज फोनवरचं व्हॉट्सअॅपही थांबलं.

म्हणून ‘नोकिया वाईट फोन बनवायला लागली आणि बुडाली’ असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. फोन चांगलेच होते. ते घेणाऱ्याला दर दीड-दोन वर्षांनी सांगितलं गेलं की तू ज्या गाडीत बसलास ती पुढे जाणार नाही, उतर आणि नवं तिकीट काढ. तिसऱ्यांदा कोण काढेल? चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरचा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ला बंद झाला. त्यात कराच्या वादाचाही भाग होता, सगळं खापर सिस्टीमवर फोडत नाही. पण हजारो मुलामुलींचं काम तिथे गेलं, हेही याच काळातलं.

आणि एकटी नोकियाच नाही. २५ जून २०१४ला ब्लॅकबेरीने नव्या सिस्टीमवरचा झेड३ भारतात १५,९९० रुपयांना आणला. आधीच्या वर्षी तीच सिस्टीम झेड१०मध्ये ४३,४९० रुपयांना होती. २०१४च्याच ऑगस्टमध्ये मोझिलाच्या फायरफॉक्स सिस्टीमवरचा इंटेक्सचा १,९९९ रुपयांचा फोन आला, १२८ एमबी रॅमचा. डिसेंबर २०१५मध्ये मोझिलाने फोनसाठीचं ते काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. सॅमसंगचा टायझेन नावाच्या वेगळ्या सिस्टीमवरचा झेड१ जानेवारी २०१५चा. ब्लॅकबेरीच्या जुन्या सेवा ४ जानेवारी २०२२ला बंद झाल्या. तर साहेब, पहिल्यांदा नाही. तुमचा नंबर बराच मागे आहे.

मी नव्या सिस्टीमच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो. अख्ख्या जगाचे फोन दोनच कंपन्यांच्या मुठीत असावेत हे मलाही रुचत नाही. कमी रॅमवर हलकी सिस्टीम चालत असेल, तर गरिबाचा फोन हँग व्हायचा थांबेल. तुमचा डेमो सेट मी चार दिवस वापरला, कॉल करायला झकास आहे. माझ्या तक्रारी वेगळ्या आहेत.

पहिली तक्रार ॲपची. आठवडी बाजार गावाबाहेरच्या नव्या जागी हलवला की पहिले सहा महिने काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. भाजीवाली म्हणते गिऱ्हाईक नाही म्हणून बसत नाही, गिऱ्हाईक म्हणतं भाजीवाली नाही म्हणून येत नाही. तुमच्या ॲपच्या दुकानाची तीच गत. तुमची माणसं म्हणाली, ‘मुख्य सगळी ॲप लवकरच येतील.’ २०१३ साली ‘लवकरच’ चालून गेलं असतं, तेव्हा व्हॉट्सअॅप नसलं तर गप्पा राहायच्या. आज यूपीआय नसलं तर माझ्याच दारातल्या चहावाल्याचे पैसे देता येत नाहीत. पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढवायला २०२१पासून ई-पीक पाहणीचं ॲप आहे, बांधावर उभं राहून फोटो काढावा लागतो. लाडक्या बहिणीचा अर्ज २०२४ला कित्येकींनी नारीशक्ती दूत ॲपवरून भरला. आठ हजारांच्या आतला फोन नेमक्या याच लोकांच्या हातात जातो. ज्याचं सरकारदरबारी काम जास्त, त्यालाच तुम्ही सरकारी ॲप नसलेला फोन देणार? शहरातल्या साहेबाकडे दुसरा फोन असतो. या घरात चौघांत मिळून एकच असतो.

दुसरी तक्रार मराठीची. डेमो सेटवर ‘मराठी’ निवडली आणि पाहिलं की मागे जायच्या बटणाला ‘पाठ’ असं नाव आहे. हसून सोडून दिलं असतं. पण ‘दुसऱ्या’ लिहिलं की र य-च्या डोक्यावर रफार होऊन चढतो, ‘दुसर्या’ दिसतं. शेतकऱ्यांच्या गावात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द नीट उमटत नसेल, तर तुमच्या फोनवर मराठी आहे असं मी कोणत्या तोंडाने सांगू? अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात देवनागरीच्या जागी चौकोन दिसायचे, तेही आम्ही सोसलं. ते दिवस सरले म्हणून तर लोक फोनवर वाचायला लागले. तुमच्या माहितीपत्रकात २२ भाषांचा उल्लेख आहे. बावीसचं सोडा, एक मराठी माणूस बसवून ही एक भाषा पूर्ण वाचून घ्या.

तिसरी तक्रार सांगायला थोडी जागा लागेल.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कंपनीचे, तिच्या स्वतःच्या सिस्टीमवरचे चौदा सेट मी विकले. त्यांतला एक आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना. बाई हुशार. वही उसवली म्हणून त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांची मापं फोनमधल्या टिपणांत भरली. शोल्डर, छाती, बाही, गळा, प्रत्येकीच्या नावापुढे. दीड-दोनशे बायका. टिपणं कंपनीच्या खात्यावर साठतात, फोन हरवला तरी परत मिळतात, असं मीच त्यांना सांगितलं होतं. पुढे कंपनीने ती सेवा बंद केली. तशी सूचना ईमेलवर पाठवली होती, इंग्रजीत. तो ईमेल फोन विकताना काउंटरवर मीच उघडून दिला होता. पासवर्ड ना त्यांना माहीत, ना माझ्या लक्षात. माझीही चूक, मान्य. पण स्वस्त फोन घेणाऱ्या दहांपैकी आठ जणांचा ईमेल असाच दुकानदाराने उघडलेला असतो, हे फोन विकणाऱ्या कंपनीला माहीत नसावं?

एके दिवशी तो फोन कंपनीच्या चिन्हावर येऊन थांबला, पुढे जाईना. फ्लॅश मारावा, म्हणजे सिस्टीम नव्याने भरावी, तर त्या सिस्टीमची फाइल कुठेच नाही, आणि मारला तरी आतलं पुसलं जाणार. सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरने जॉबशीट बनवली, तीन आठवडे ठेवून घेतला आणि सेट कोराकरकरीत करून परत दिला. दिवाळी बारा दिवसांवर होती. ताईंनी सगळ्यांना बोलावून मापं पुन्हा घेतली. माझ्या बायकोलाही जावं लागलं, आणि त्या संध्याकाळी घरी मला काय ऐकावं लागलं ते या पत्रात घालण्यासारखं नाही. ताई मात्र एका शब्दाने बोलल्या नाहीत. आता त्या पुन्हा वहीत लिहितात. ‘वहीला अपडेट लागत नाही,’ म्हणतात.

राहिली दुकानदाराची बाजू. ती थोडक्यात लिहितो, कारण मी आमचंच रडगाणं गातोय असं वाटायला नको. सेट पडून राहिले की किंमत उतरते, आणि उतरलेल्या किमतीचा फरक मिळवायला आम्ही डिस्ट्रिब्युटरच्या मागे महिनोन्‌महिने फिरतो. अँड्रॉइडचा जुना सेट निदान दोन-तीन हजारांनी खाली आणून जातो. बंद पडलेल्या सिस्टीमचा सेट फुकट दिला तरी कोणी नेत नाही. आमच्या पोटमाळ्यावर असे तीन आहेत, पेटीबंद.

तर आमचं मागणं असं.

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. तुमच्या आठ हजारांच्या डब्यावर छापा: या फोनला सुरक्षेचे अपडेट अमुक महिन्यापर्यंत मिळतील. अवघड नाही. युरोपात २० जून २०२५पासून नियमच आहे की फोनचं मॉडेल बाजारातून काढल्यावरही पाच वर्षं सिस्टीमचे अपडेट द्यायचे. तिथल्या गिऱ्हाइकाला जे देता येतं ते वैरागच्या गिऱ्हाइकाला द्यायला काय हरकत आहे, ते तुम्ही आम्हाला लिहून कळवा. पाच जमत नसतील तर तीन छापा. तीन जमत नसतील तर एक छापा, मी गिऱ्हाइकाला दाखवून विकेन. त्याला घ्यायचा तर घेईल.

त्याच डब्यावर, मराठीत, आज या फोनवर काय चालत नाही तेही लिहा. कोणती यूपीआय ॲप, कोणत्या बँका, कोणती सरकारी ॲप. ‘लवकरच’ हा शब्द नको.

सिस्टीम बंद करायची वेळ आलीच (येऊ नये, पण वर लिहिलेल्या सगळ्यांवर आली) तर एक वर्ष आधी एसएमएस पाठवा. ईमेल नको, एसएमएस, आणि मराठीत. नंबर, फोटो, टिपणं एका बटणावर मेमरी कार्डात उतरवता आली पाहिजेत, इंटरनेट नसताना, कंपनीच्या खात्याशिवाय. आणि तुम्ही निघून गेल्यावर त्या सेटवर दुसरी सिस्टीम टाकायला कुलूप उघडून द्या. आमच्या पोरांचे हात चांगले आहेत, ती करतील काहीतरी.

सुटे भाग तालुक्यापर्यंत पाठवा. डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जिंगचा जॅक हे तीन मिळाले तरी दहांतले आठ फोन इथेच उभे राहतात.

न खपलेला माल सहा महिन्यांनी परत घ्याल, हे डिस्ट्रिब्युटरच्या तोंडून नको, तुमच्या कागदावर हवं.

तुमचा डेमो सेट अजून माझ्या काउंटरवर आहे. शेजारी पाटी लावली आहे, ‘फक्त बघण्यासाठी’. डिस्ट्रिब्युटरचा मुलगा दर गुरुवारी ऑर्डर घ्यायला येतो. त्याने माझ्या नावापुढे वीस सेट लिहून ठेवले होते, ते मी सध्या खोडायला लावले आहेत. पेन्सिलने लिहिले होते.

कळावे,

आपला,
बार्शीतला एक मोबाइल दुकानदार